करंजी, चकली आणि हातांचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज गणितावर बोलणे आहे असे कळताच काही जणींनी मागच्या खुर्च्या गाठल्या, हे मी पाहिले आहे. त्यांना मी दोष देत नाही. पण मी जे सांगणार आहे त्यातले निम्मे फराळ विभागात हात लावलेल्या प्रत्येकीला ठाऊकच आहे. उरलेले निम्मे सांगण्यापूर्वी माझीच एक चूक कबूल करते.

गेल्या दिवाळीत विभागाची वही माझ्याकडे होती. करंजीच्या किलोमागे शिल्लक जास्त आणि चकलीच्या किलोमागे कमी, एवढेच पाहून मी सांगितले, "यंदा करंज्याच करू. चकलीच्या मागण्या परत करा." चौघीजणी लाटून, भरून, मुरड घालून थकून गेल्या. दोन शेगड्यांपैकी एक बहुतेक वेळ थंड होती. काम आवरेना, म्हणून त्या रात्री उशिरापर्यंत बसल्या. आणि त्या जादा तासांपुढे मी वहीत 'सेवा' असे लिहून शून्य मांडले. त्या शून्याबद्दलच आज बोलायचे आहे.

आता हिशेब पाहू. आकडे सोपे जावेत म्हणून ठोकळ धरले आहेत. चौघीजणी रोज पाच तास, म्हणजे हातांची १२०० मिनिटे. दोन शेगड्या पाच तास, म्हणजे शेगडीची ६०० मिनिटे. एक किलो करंजीला हातांची ६० मिनिटे आणि शेगडीची १५ मिनिटे लागतात. चकलीचे उलट आहे. सोऱ्यातून ती भराभर पडते, पण मंद आचेवर तळावी लागते. तिला हातांची २० मिनिटे आणि शेगडीची ३० मिनिटे. जिन्नस, गॅस आणि वेष्टण यांचा खर्च वजा जाता करंजीमागे १४० रुपये व चकलीमागे ८० रुपये उरतात. मजुरी अजून वजा केलेली नाही, हे ध्यानात ठेवा.

नुसत्या करंज्या केल्या तर २० किलो होतात आणि २८०० रुपये उरतात. हात पुरते संपतात, पण शेगडीची ३०० मिनिटे वाया जातात. आता एक किलो करंजी कमी करून पाहू. १४० रुपये गेले; पण हातांची ६० मिनिटे सुटली आणि त्यांत तीन किलो चकली झाली, म्हणजे २४० रुपये आले. निव्वळ १०० रुपयांचा लाभ! ह्या अदलाबदलीत शेगडीची ७५ मिनिटे जास्त लागतात. रिकामी मिनिटे ३००, म्हणून अशी अदलाबदल चार वेळा करता येते. मग १६ किलो करंजी आणि १२ किलो चकली होते, आणि शिल्लक ३२०० वर जाते. त्याच चौघी, त्याच शेगड्या, तेच पाच तास. आणखी पुढे जावे का? नाही. आता शेगडी भरली आहे. यापुढे एक किलो चकलीसाठी दोन किलो करंजी सोडावी लागेल. ८० मिळवायला २८० घालवायचे, हा व्यवहार कोणती गृहिणी करील?

भगिनींनो, आपण आता जे केले त्यालाच 'लिनियर प्रोग्रॅमिंग' असे भारदस्त नाव आहे. १९३८ साली लेनिनग्राडमध्ये प्लायवुडच्या एका उद्योगापुढे प्रश्न होता, की कोणत्या यंत्रावर कोणते लाकूड चढवावे. तो सोडवताना लिओनिद कांतोरोविच ह्या गणितज्ञाने ह्या शास्त्राचा पाया घातला. १९४७ साली अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी एका अदलाबदलीवरून दुसरीवर पायरीपायरीने जाण्याची रीत बसवली. १९८४ साली, मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये असताना, फार मोठ्या हिशेबांसाठी एक निराळी, जलद वाट दाखवली. आज तेलशुद्धीचे कारखाने काय किती बनवायचे, कोणत्या गोदामातून कोणत्या गावी माल धाडायचा, हे अशाच रीतीने ठरवतात. त्यांच्या वहीत हजारो ओळी असतात, आपल्या वहीत दोन; तत्त्व एकच.

पण ह्या शास्त्राची एक गंमतही ऐकण्यासारखी आहे. जॉर्ज स्टिगलर ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली विचारले, की एका माणसाला लागणारी पोषकद्रव्ये कमीत कमी खर्चात कशी मिळतील? त्याने ७७ पदार्थ तपासले आणि १९३९ च्या भावाने वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट असे उत्तर काढले. १९४७ साली नऊ कारकुनांनी हातयंत्रांवर डँट्झिगच्या रीतीने तेच गणित केले. सगळ्यांचे मिळून सुमारे १२० दिवसांचे काम लागले आणि उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिगलरचा अंदाज अवघ्या २४ सेंटांनी चुकला होता! पण त्याच्या थाळीत होते काय? गव्हाचे पीठ, आटवलेले दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे, वर्षभर तेवढेच. गणित चुकले नव्हते. त्याला फक्त चव सांगितलेली नव्हती. जे आपण मांडत नाही, ते त्याच्या लेखी शून्य असते.

म्हणूनच माझे 'सेवा' ह्या शब्दापुढचे शून्य घातक होते. हातांच्या तासाला मोल नाही असे मांडले, तर गणित म्हणणारच, की बसवा त्यांना मध्यरात्रीपर्यंत. खर्च थोडाच येतो आहे?

उलट ह्याच गणिताला त्या तासाची किंमत विचारून पाहा. पाचवी बहीण आली तर २२ किलो करंजी व ९ किलो चकली होते. शिल्लक ३८००, म्हणजे पाच तासांमागे ६०० ची वाढ. हातांचा एक तास १२० रुपये आणतो! तिसरी शेगडी आणली, तर १२ किलो करंजी व २४ किलो चकली होते. शिल्लक ३६००, वाढ ४००. ह्या वाढीलाही मर्यादा आहे. आठव्या बहिणीपर्यंत दरेकीमागे ६०० वाढतात. तोवर दोन्ही शेगड्या करंज्यांनीच भरून जातात आणि नववीला बसून राहावे लागते.

येत्या दिवाळीपूर्वी कार्यकारिणीला ठरवायचे आहे, की शेगडी घ्यावी की आणखी बहिणींना कामावर बोलवावे. शेगडीची किंमत एकदाच द्यावी लागते आणि ती मजुरी मागत नाही. बहिणीच्या ६०० मधून तिची मजुरी गेली पाहिजे. नुसती शिल्लकच वाढवायची असेल, तर कदाचित शेगडीच बरी ठरेल. पण हा विभाग गरजू बहिणींना काम मिळावे म्हणून असेल, तर उत्तर बदलते. वाट कोणती हे गणित सांगते. कोठे जायचे, हे आपणच सांगायचे असते.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. एक, काय किती करायचे हे ठरवताना नुसती किलोमागची शिल्लक पाहू नये. अडते कोठे, हातांत की शेगडीत, ते आधी पाहावे. दुसरी, वहीत मजुरीचे घर उघडावे आणि जादा तासाला जादा दर लावावा. ज्या चौघींनी गेल्या दिवाळीत पाठ मोडेपर्यंत मुरड घातली, त्या आज येथे बसल्या आहेत. त्यांच्या तासांचे राहिलेले पैसे मंडळाने द्यावेत, असा ठराव मी मांडते. आणि वहीतले ते शून्य, ज्या हातांनी लिहिले त्याच हातांनी खोडते.