वामनाची गोष्ट



मी डिप्लोमावाला सरकारी नोकर, साहित्यिक नाही. तरी एक कादंबरी सुचवतो : डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’. खोल खोदकामात शास्त्रज्ञांना एक पेटी सापडते. आपल्याआधी इथे नांदलेल्या, आपल्याहून प्रगत संस्कृतीचा तो ठेवा. त्यातल्या माहितीवरून घडतो वामन हा यंत्रमानव. मग ते प्रगत लोक संपले कसे? ते वाचूनच पाहा.

आपल्या बुऱ्हाणपुरातही पूर्वजांनी जमिनीखाली ठेवा ठेवलाय, १६१५च्या सुमाराचा कुंडी भंडारा. घरात नळ आले आणि आपण तिकडे फिरकेनासे झालो. परवा मुलीने निबंध मोबाईलकडून लिहून घेतला, तेव्हा मला वामनच आठवला. यंत्र जरूर वापरावं, पण बुद्धिदात्याने दिलेली बुद्धी गहाण टाकू नये.

गणपती बाप्पा मोरया!