उसनी वाटी आणि कमिशनर साहेब

मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट तुम्ही पाहिलेलं असेल. आता त्याचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, तरी टॅक्सीवाल्याला सांगताना जुनंच नाव तोंडात येतं. ते ज्याच्या नावाचं, तो आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड पुढे आपल्या पुण्यात कमिशनर होऊन आला आणि त्याची नोकरी गेली ती इथल्याच कारभारापायी. मध्य विभागाचा कमिशनर म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर इथल्या सगळ्या महसुलावरचा वरिष्ठ. आपली रहाटणी तेव्हा पवनेकाठचं शेतीचं गाव. इथला सारादेखील शेवटी त्याच साहेबाच्या कारभारात जमा व्हायचा. म्हणून ही गोष्ट आपली आहे.

माणूस कर्तबगार होता, हे आधी सांगतो. 1865 ते 1871 तो मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर होता. गटारं, रस्ते, बाजार, सगळ्याला त्यानं हात घातला. मंडईच्या दारावर शेतकऱ्यांची शिल्पं आहेत ना, ती रडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या, लॉकवूड किपलिंगच्या हातची. एवढं सुंदर काम ह्या माणसाच्या कारकिर्दीत झालं. पण हात सढळ. खर्च तिजोरीच्या बाहेर गेला, करदाते चिडले, 1871 मध्ये आंदोलन झालं आणि साहेबाला ते पद सोडावं लागलं. म्युनिसिपालिटीचं ठीक आहे, तिथं विचारायला करदाते होते. घरच्या खर्चाचा हातही तसाच सढळ होता, आणि तिथं विचारणारं कोणी नव्हतं.

साहेब कर्जबाजारी झाला. आणि कर्ज घेतलं कोणाकडून, तर आपल्याच हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे, म्हणून परत सांगतो: ज्याच्या हातात तुमची बदली, तो तुमच्याकडे उसने मागतो तेव्हा ते उसने नसतात.

हे समजायला रहाटणीच्या तापकीर चौकातून आत गल्ल्यांत शिरा. खोलीला खोली लागून. चाकणला, भोसरीला कंपनीत जाणारी पोरं भाड्यानं राहतात. समजा, शेजारच्या खोलीतल्या वहिनींनी वाटीभर साखर मागितली. तुम्ही दिली. चार दिवसांनी वाटी परत आली, तीही रिकामी नाही, वर दोन करंज्या घालून. हे उसनं. आता तीच वाटी घरमालकीणबाईंनी पाठवली. नाही म्हणाल? अकरा महिन्यांचा करार संपत आलाय, डिपॉझिट त्यांच्याकडे, पाण्याची मोटर त्यांच्या हातात. तुम्ही वाटी शीग लावून भरता. परत मागता का? नाही. पुढच्या महिन्यात वाटीचा डबा होतो. उद्या कोणी चौकशीला आलं, तर बाई म्हणतील, मी फुकट काही मागितलं नाही हो, उसनं घेतलं होतं. त्या खोटंही बोलत नसतील. आणि तुम्हाला विचारतील, तू का दिलंस? दोषी कोण ठरला बघा!

1888 मध्ये पुण्यात अगदी हेच झालं. साहेब मामलेदारांकडून बढतीसाठी, सोयीच्या बदलीसाठी पैसे घेतो असा बोभाटा झाला. मधला माणूस हणमंतराव. त्याच्यावर वेगळा खटला होऊन तो तुरुंगात गेला. साहेब वेषांतर करून पुण्यातून निसटला आणि मुंबईत सापडला. मग कमिशन बसलं. मामलेदारांनी साक्षी दिल्या, कारण सरकारनं त्यांना अभय दिलं होतं: खरं सांगा, तुम्हाला काही होणार नाही.

निकाल काय लागला? लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. साहेब सुटला. आणि तरीही बडतर्फ झाला! हे लक्षात राहू द्या, कारण लोक नेमकं हेच विसरतात. त्याला बडतर्फ केलं ते आपल्या अधिकाराच्या मुलखातल्या लोकांकडून कर्ज घेतलं म्हणून. लाच अंधारात दिली जाते, तिला साक्षीदार मिळणं अवघड. उसनवारी मात्र सावकाराच्या वहीत लिहिलेली असते. म्हणून मी म्हणतो की, अधिकाऱ्याची संपत्ती मोजता तशी त्याची देणीही मोजा. कोणाची देणी आहेत ते बघा. घेणेकरी त्याच तालुक्यातला असेल तर तिथंच थांबा आणि विचारा.

आजचा नियमही हेच सांगतो. अखिल भारतीय सेवांसाठी 1968 चे वर्तणूक नियम आहेत. अधिकाराच्या हद्दीतल्या माणसाकडून कर्ज घ्यायला त्यांत मनाई आहे. नातेवाईक किंवा खासगी मित्राकडून बिनव्याजी छोटी रक्कम चालते, दुकानदाराकडं उधारीचं खातं चालतं. नियम करणाऱ्याला माणसाची अडचण कळत होती, आणि मालकीणबाईंची वाटीही कळत होती.

आता मामलेदारांचं. वेळ थोडा आहे, पण ते सोडवत नाही. साहेब गेल्यावर ओरड उठली की, पैसे देऊन पद मिळवलेला मामलेदार न्यायाला कसा बसतो? मामलेदाराला फौजदारी अधिकार असत, म्हणून प्रश्न खोटा नव्हता. पण त्यांना दिलेल्या अभयाचं काय? 1889 मध्ये पुण्यात त्यांच्या बाजूनं सभा झाली. तिशीतले टिळक त्यात पुढे होते. विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत विषय गेला. अभयाचा कायदा करावा लागला, तरी काहींच्या नोकऱ्या गेल्याच. ज्याला नाही म्हणता येत नव्हतं, त्याला शिक्षा झाली. मला ह्याचा राग येतो, आजही येतो.

आणि तुमच्यावरही थोडा येतो. कंत्राटी पोराकडून सुपरवायझर पाच हजार उसने घेतो, पोरगं घरी येऊन सांगतं, आणि आईबाप म्हणतात, दे बाबा, उद्या परमनंट करायचं त्याच्याच हातात आहे. अहो, म्हणूनच द्यायचे नाहीत! हजेरी ज्याच्या हातात, त्याला उसने द्यायचे नाहीत. दिलेच असतील तर तारीख टाकून वहीत लिहून ठेवा, निदान पुरावा तरी राहील.

क्रॉफर्डनं पुढे पुस्तकं लिहिली. पुण्याबद्दलचं 1897 मध्ये आलं, आपल्या लोकांवर त्यात त्याचा फार राग आहे. ते वाचताना एक गोष्ट मला... पण स्टुडिओतून खूण झाली आहे.