चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत फारशा कौतुकाने वापरली जात नाही. आज येथे तर उद्या तेथे, अशा अस्थिर माणसाविषयी ती बोलली जाते. परंतु आपण होऊन असे बिऱ्हाड पाठीवर घेणारा एक प्रवासी आता आपल्या रस्त्यांवरही दिसू लागला आहे. त्याच्या मोटारीतच निजण्याचे बाक असते, शेगडी असते, पाण्याची टाकी असते आणि चार कपडे टांगण्यापुरते कपाट असते. या गाडीला कॅम्पर व्हॅन असे नाव आहे. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनच्या चौकोनी गाडीचे उत्पादन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालियाच्या कारखान्याने तिच्यात घरगुती सामान बसविण्यास आरंभ केला. तेव्हापासून युरोपात हा प्रवास रुळला. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण ठरविले. छपराच्या बैलगाडीत भांडीकुंडी घालून जत्रेला जाणाऱ्या मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न एवढाच, की हे बिऱ्हाड घेऊन जावयाचे कोठे, आणि पाहावयाचे काय?

कोकणचे उदाहरण घेऊ. सामान्य प्रवासी कोकणात जातो तो एखाद्या किनाऱ्यावर. तेथे खोली घेतो, समुद्र पाहतो, मासे खातो आणि आल्या वाटेने परत फिरतो. वाटेत महाड, खेड, चिपळूण, राजापूर ही बाजाराची गावे लागतात. पण ती त्याच्या लेखी केवळ चहा घेण्याची ठिकाणे असतात. किनाऱ्याचे गाव निराळे आणि बाजाराचे गाव निराळे, अशी त्याची समजूत होऊन बसते. ती चुकीची आहे.

कोकणचा नकाशा समोर ठेवला, म्हणजे एक गंमत ध्यानात येते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात आणि त्यांच्या मुखांतून भरतीचे पाणी आत खोलवर शिरते. या प्रत्येक खाडीच्या मुखाशी एक बंदर आहे आणि भरती जेथे दमते, त्या ठिकाणी किंवा त्याच्या आसपास एक बाजारपेठ आहे. सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, वर महाड. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, वर चिपळूण. शास्त्रीच्या मुखाशी जयगड, वर संगमेश्वर. राजापूरच्या खाडीवर खाली जैतापूर, वर राजापूर. आणि वाघोटनच्या मुखाशी विजयदुर्ग, वर खारेपाटण. मुंबई–गोवा महामार्ग वरच्या गावांना जोडीत जातो, सागरी मार्ग खालच्या गावांना. हे दोन रस्ते म्हणजे जणू शिडीची दोन अंगे आणि खाड्या म्हणजे तिच्या पायऱ्या.

ही जोडी काही योगायोगाने जमलेली नाही. गलबताला वाऱ्यापासून आसरा हवा, म्हणून बंदर मुखाशी, गडाच्या सावलीत वसले. तेथला माल पडावांवर चढे आणि भरतीच्या पाण्याबरोबर आत जाई. भरती संपे, तेथे पडाव थांबे व बैल पुढे सरसावे. देशावरचा माल कुंभार्ली घाटाने चिपळुणास उतरे, अणस्कुऱ्याने राजापुरास उतरे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. गूळ आणि धान्य खाली येई. या व्यापाराचे महत्त्व किती होते, हे इतिहासातही दिसते. १५०८ साली पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरात इंग्रजांच्या वखारीवर हात टाकला. खारेपाटण येथे मिळालेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट तर शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे.

चाकांवरचे बिऱ्हाड असलेल्या प्रवाशाने या शिडीच्या पायऱ्या पाहाव्यात. मुक्कामाच्या खोलीशी तो बांधलेला नसतो. म्हणून सकाळी बंदर आणि संध्याकाळी बाजार, असा प्रवास त्यालाच साधतो. दाभोळला आदिलशाही काळातील मशीद पाहावी आणि मग गाडी फेरीबोटीवर चढवावी. ओहोटी असेल, तर धक्क्याचा उतार अधिक तीव्र होतो आणि लांब गाडीची शेपटी जमिनीला घासण्याचा संभव असतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हा पडाववाल्यांचा हिशेब अशा वेळी मोटारवाल्यालाही शिकावा लागतो. पलीकडे धोपाव्यास उतरून गुहागरवरून चिपळूणचा रस्ता धरला, की गाडी जांभ्या दगडाच्या सड्यावर चढते आणि खाडी दिसेनाशी होते. येथेच मन सावध ठेवावे. मधूनच एखाद्या वाटेने खाली उतरून, खाडीकाठच्या वाडीत गाडी थांबवून, पाणी कोणत्या दिशेने चालले आहे हे पाहावे. मग चिपळूणजवळ गोवळकोटचा धक्का दिसला, म्हणजे सकाळचे दाभोळ आणि संध्याकाळचा बाजार यांचे नाते न सांगता उलगडते.

आज त्या धक्क्यावर पूर्वीची वर्दळ नाही. नद्यांत गाळ साचला, मोटारींचे रस्ते झाले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, आणि पडाव मागे पडले. पण खाडी विसरली, म्हणून खाडीने गावाला विसरले असे झाले नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानेच्या दुकाने बुडाली. त्यानंतर गाळ काढण्यासाठी नागरिकांनी आग्रह धरला, उपसाही सुरू झाला. ज्या पाण्याने बाजार वसविला, त्याच्याकडे पाठ करून बाजाराला सुखाने राहता येत नाही, हा धडा त्या गावाला फार महाग पडला.

आता या प्रवाशाच्या कर्तव्याविषयी. बिऱ्हाड बरोबर असण्यात एक धोका आहे. शहरातूनच किराणा, भाजी आणि पाणी भरून घेतले, तर माणूस गावामागून गावे पालथी घालील आणि कोणत्याही गावात एक रुपयाही खर्च करणार नाही. गावाच्या वाट्याला मात्र त्याचा कचरा आणि सांडपाणी येईल. शेगडी बरोबर आहे ती गावाला टाळण्यासाठी नव्हे. हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव पाहून मासळी घ्यावी, चिपळुणात तांदूळ घ्यावा, राजापुरात कोकम घ्यावे आणि त्या त्या गावच्या माणसाला विचारून रांधावे. सांडपाण्याची टाकी खाडीत किंवा वाळूत रिकामी करू नये. रात्री कोणाच्या आगराशेजारी गाडी लावावयाची, तर आधी मालकाची परवानगी घ्यावी. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा बंदरात गर्दीची अपेक्षा धरू नये.

रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावर खाड्यांवरून मोठे पूल बांधण्याची योजना आहे. ज्या गावात रात्री आजारी माणसाला होडीची वाट पाहावी लागली आहे, त्या गावाला पुलाचे मोल कोणी सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली, तिची आठवण अजून किनाऱ्यावर आहे. पाण्याचा प्रवास रम्य होता, तसा निष्ठुरही होता. पूल व्हावेत, हेच योग्य.

मात्र पूल झाल्यावर खाडी दोन मिनिटांत मागे पडेल, आणि ती कोठून येते, कोणत्या गावाला जाते, हे विचारण्यास कोणी थांबणार नाही. फेरीबोटीवर निदान काही मिनिटे गाडीचे यंत्र बंद असते. तेवढ्या वेळात खाली उतरून कठड्याशी उभे राहावे आणि समुद्राकडे पाहून झाले, की पाठीमागे, डोंगराकडे वळून पाहावे. तेथे, दिसत नसले तरी, या बंदराचे दुसरे अर्धे गाव आहे. मग पलीकडच्या धक्क्यावर उतरून गाडी त्या दिशेने वळवावी.