परदेशगमन आणि आहारव्रत



परदेशी निघालेल्या श्रावकाच्या सामानात खाकरे असतातच. तो शिधा चार-सहा दिवसांत संपतो आणि मग नियमाची खरी कसोटी लागते. या कसोटीचे एक उद्‌बोधक उदाहरण महात्मा गांधींच्या आत्मकथेत आहे.

सन 1888 मध्ये मोहनदास विलायतेस निघाले, तेव्हा मातेचे मन धास्तावले होते. जैन साधू बेचरजी स्वामी यांनी त्यांना मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मगच मातेने अनुमती दिली. लंडनमध्ये एका स्नेह्याने त्यांना मोठ्या उपाहारगृहात नेले. सूप समोर आले. त्यात मांस आहे काय, हे विचारण्यासाठी मोहनदासांनी वाढप्याला बोलावताच स्नेह्याचा संताप झाला. ते शांतपणे बाहेर पडले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद असल्याने ती रात्र त्यांनी उपाशी काढली. त्याआधी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले होते आणि विलायतेत प्रथमच त्यांना पोटभर अन्न मिळाले होते.

परंतु खरी परीक्षा पुढेच होती. अंडे म्हणजे मांस नव्हे, असे तेथील अनेक शाकाहारी मानीत. त्या मताने मोहनदासांनीही काही काळ अंडी खाल्ली. नंतर त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की प्रतिज्ञा देणाऱ्या मातेच्या मनातील अर्थ कोणता? उत्तर स्पष्ट होते. त्यांनी अंडी वर्ज्य केली आणि शाकाहारी उपाहारगृहातही प्रत्येक पदार्थाची चौकशी सुरू केली.

आजच्या प्रवाशासमोर हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. विमानात साधे शाकाहारी भोजन सांगितल्यास त्यात अंडे असू शकते. ‘जैन भोजन’ अशी स्वतंत्र नोंद अनेक विमान कंपन्या घेतात. मात्र ती किमान एक दिवस आधी करावी लागते. इटलीतील पार्मेझान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. जपानमध्ये भाज्यांच्या सूपचा रस्सादेखील बहुधा सुक्या मासळीच्या अर्काचा असतो. याउलट थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या दुकानी मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण काहीच नसते. कंदमुळांविषयी मात्र तेथेही विचारावेच लागते.

म्हणून ‘हे शाकाहारी आहे काय’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. काय काय चालत नाही, ते नावानिशी सांगावे. त्या देशाच्या भाषेत तशी चिठ्ठी लिहून जवळ ठेवल्यास काम सोपे होते. जपानमधील कोबे येथे 1985 पासून जिनमंदिर आहे. जेथे आपला समाज आहे, तेथे प्रथम त्याच्याकडे चौकशी करावी.

उच्च शिक्षणासाठी आज घराघरांतील मुले-मुली परदेशी जात आहेत. त्यांना निरोप देताना नियमासोबत त्याचा अर्थही समजावून द्यावा. अर्थ उमगला, तर सूप समोर येताच विचारण्याचा संकोच वाटणार नाही आणि एखादी रात्र उपाशी गेली तरी तिचा खेद राहणार नाही.

जय जिनेंद्र!