हाताला कळणारे विमान



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही जण मनात हसले असतील. विमान उडविण्याचा संगणकावरील खेळ आणि त्यासाठी लाकडी फळीवर घरी बसविलेली बटणे! गेल्या आठवड्यात वेदान्तावर व्याख्यान झाले आणि आज मास्तर पोरांचा खेळ घेऊन उभे! पण या खेळाने आम्हांला साठीनंतर एक धडा शिकविला. तो आपणांपुढे ठेवावा, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

कामठ्याच्या माणसाला विमानाचे नवल राहिलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी बिरसीला धावपट्टी बांधली. पुढे तेथे वैमानिक घडविणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडातील सीएई यांच्या भागीदारीतून ती निघाली. गंमत अशी की, ही सीएई जगभर ओळखली जाते ती सिम्युलेटरसाठी, म्हणजे जमिनीवर बसून उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्रांसाठी. आमच्या धानाच्या बांधावरून मुले दिवसभर डोक्यावरची विमाने पाहतात. आवाजावरून एक इंजिन की दोन, हेही सांगतात. पण वैमानिक होण्याचा खर्च लाखांच्या घरात असल्याने त्यांचे विमान आकाशातच राहते. ते हाताला कधी लागत नाही.

अशाच एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, “गुरुजी, आत बसल्यावर हात कुठे ठेवतात?” आम्ही विज्ञानाचे शिक्षक, पण या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही फळी करावयास घेतली.

संगणकावर विमान उडविण्याचा खेळ जुना आहे. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ साली तो छोट्या घरगुती संगणकासाठी तयार केला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आपली आवृत्ती बाजारात आणली. आता फ्लाइटगिअरसारखा खेळ कोणालाही फुकट मिळतो. अडचण एवढीच की, तेथे चाके खाली सोडायची तर एक अक्षर दाबायचे आणि दिवे लावायचे तर दुसरे. टंकलेखन करून विमान चालविण्यासारखेच ते! म्हणून हौशी लोक खऱ्या कॉकपिटसारखी खटक्यांची फळी घरी करतात.

याला कोणी पोरखेळ म्हणेल, त्याला एक जुनी हकीकत सांगतो. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा वाद्यांचा, ऑर्गनचा, कारखाना होता. ऑर्गनमध्ये भात्याने हवा भरतात. त्याच भात्यांवर लिंकने १९२९ साली लाकडाचे एक ठेंगणे विमान बसविले. दांडा हलविला की ते डुलावे, कलावे. सैन्याने आरंभी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. ते जत्रेतल्या पाळण्यासारखे पैसे घेऊन लोकांना बसविण्याच्या कामी येऊ लागले. मग १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले. रात्र, धुके, हिमवर्षाव यांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांना पुरेसा नव्हता. काही आठवड्यांतच अनेक तरुण प्राणाला मुकले. तेव्हा सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. पुढे महायुद्धात लाखो वैमानिकांनी आपले पहिले धडे या लाकडी विमानात गिरविले. खेळणे आणि साधन यांत अंतर असते, ते वापरणाऱ्याच्या हेतूचे!

आता आमच्या फळीकडे वळू. प्लायवूडच्या तुकड्याला गावच्या सुताराने गिरमिटाने भोके पाडून दिली. त्यांत पंचवीस खटके बसविले. इंजिनाची शक्ती कमीजास्त करण्यासाठी जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखी, फिरविण्याची कळ लावली. या सर्वांचा निरोप संगणकाला पोचविण्यासाठी आर्डुइनो नावाची, तळहातात मावणारी विद्युत्-पाटी घेतली. तिच्या काही प्रकारांना संगणक सरळ जॉयस्टिकच समजतो.

पण पंचवीस खटके आणि तारा जोडण्याच्या जागा थोड्या! येथे वर्गातली युक्ती उपयोगी पडली. प्रत्येक मुलाला वेगळी घंटा न देता आम्ही म्हणतो, तिसऱ्या रांगेतला चौथा. तशाच पाच आडव्या आणि पाच उभ्या रांगा केल्या की दहा तारांत पंचवीस खटके ओळखता येतात. यात एक खोड आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतले खटके एकदम चालू झाले, तर वीज उलट वाटेने फिरते आणि चौथ्या कोपऱ्यातल्या न दाबलेल्या खटक्याचीही हजेरी लागते. गैरहजर मुलाच्या नावाने कोणी ‘हजर’ म्हणावे, तसे! त्यावर उपाय म्हणून प्रत्येक खटक्याला एकेक डायोड लावतात. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. शिवाय खटका मिटताना आतली धातूची पट्टी क्षणभर थरथरते. आपण एकदा दाबतो, पाटी पाच वेळा मोजते. म्हणून तिला काही सहस्रांश सेकंद थांबून मग खात्री करण्याची आज्ञा द्यावी लागते. फळी पुरी झाली तेव्हा सुतार म्हणाला, “गुरुजी, हे विमान उडणार केव्हा?”

ते उडाले, आणि तिसऱ्याच दिवशी पोटावर आपटले. त्याचे असे झाले. फळी देखणी दिसावी म्हणून आम्ही सारे खटके एकाच घाटाचे, काळे, एका ओळीत बसविले होते. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी होते. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची, उतरताना खाली सोडण्याची झडप. आमच्या विद्यार्थ्याने दोन इंजिनांचे विमान धावपट्टीवर नीट आणले, चाके सोडली आणि फ्लॅप सोडण्यासाठी नजर पडद्यावर ठेवूनच हात पुढे केला. हात शेजारच्या खटक्यावर पडला, चाके पोटात गेली! आम्ही मास्तरकीला जागलो. “लक्ष कुठे होते तुझे?” म्हणून त्याला चार मुलांदेखत बोललो. मुलगा खाली मान घालून घरी गेला.

त्याच रात्री आम्ही स्वतः खेळावयास बसलो आणि तीच चूक केली. लक्ष तर आमचे पुरते होते!

मग वाचता वाचता आम्हांला आल्फॉन्स चॅपॅनिस यांची माहिती मिळाली. महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कित्येक बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरत आणि जमिनीवर आल्यानंतर फ्लॅपऐवजी चाकेच वर घेत. अनुभवी, शूर माणसे ती! वरिष्ठ त्याला वैमानिकाची चूक म्हणत. चॅपॅनिस हे तरुण मानसशास्त्रज्ञ. त्यांनी वैमानिकांबरोबर कॉकपिटही तपासले. दोन्ही खटके सारखे आणि शेजारी शेजारी! सी-४७ विमानात मांडणी निराळी होती, तेथे ही चूक होत नव्हती. त्यांनी चाकांच्या खटक्यावर रबराचे लहानसे चाक बसविले आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. हाताला स्पर्शानेच कळू लागले. आज मोठ्या प्रवासी विमानांच्या नियमांतच हे आकार ठरवून दिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांसमोर सांगितले, “चूक तुझी नव्हती, फळी आमची चुकली.” मग दोघांनी मिळून फळी उकलली. मोडक्या खेळण्यातल्या ट्रकचे चाक काढून ते चाकांच्या खटक्यावर चिकटविले, लाकडाची पाचर तासून फ्लॅपला लावली आणि दोहोंत वीतभर अंतर ठेवले. डोळ्यांवर पंचा बांधून मुलांची परीक्षा घेतली. सर्व मुले उत्तीर्ण झाली.

या फळीला मर्यादा आहेत, त्या आम्ही मुलांपासून लपवीत नाही. पडद्यावरचे विमान कोसळले तर पुन्हा पहिल्यापासून खेळता येते. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले प्रशिक्षणाचे विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळले. त्यात प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेली. त्या दिवसानंतर आमच्या घरी चारपाच दिवस कोणी फळीला हात लावला नाही. मग मुले आपणहून आली, आणि तेव्हापासून खेळताना थट्टेने विमान पाडणे त्यांनी सोडले.

मित्रहो, आपल्या गोंदियात भातगिरण्या पुष्कळ. घरोघरी विजेचे खटके, गॅसच्या शेगड्या, शेतावर पंप. कोणाचा हात चुकला की आपण पटकन म्हणतो, माणूस वेंधळा. कधी तो असेलही. पण पुढच्या वेळी बोट दाखविण्यापूर्वी त्या माणसाच्या जागी बसून एकदा हात पुढे करून पाहा. तेथे दोन सारखे खटके शेजारी शेजारी आहेत काय, ते तपासा. एका मुलाला विनाकारण खाली मान घालायला लावून आम्ही हे शिकलो. आपणांस ते याहून स्वस्तात शिकता यावे, एवढ्यासाठीच आज बोललो.

फळी बाहेर ओसरीवर ठेवली आहे. जाताना डोळे मिटून चाकांचा खटका शोधून पाहा.