सनदेच्या परीक्षेची पिशवी



वकिलीच्या परवान्याला महाराष्ट्रात ‘सनद’ म्हणतात. ‘पोराला सनद मिळाली’ या तीन शब्दांत खेड्यापाड्यांतल्या कित्येक घरांच्या दोन-दोन पिढ्यांचे कष्ट सामावलेले असतात. मात्र राज्याच्या वकील परिषदेकडे नाव नोंदले गेले आणि काळा कोट अंगावर चढला, एवढ्याने आता भागत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने २०१० साली अखिल भारतीय बार परीक्षा आवश्यक केली आणि ६ मार्च २०११ रोजी पहिली परीक्षा झाली. ही परीक्षा घेण्याचा परिषदेला अधिकार आहे काय, हा वाद पुढे बारा वर्षे चालला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो अधिकार मान्य केला आणि वादावर पडदा पडला.

सनदेचे मोल काय असते, हे या भूमीतील दोन थोर पुरुषांच्या चरित्रांवरून कळते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिल्या. तरीही १९०९ साली ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून घेण्याचे नाकारले. विद्वत्तेत काही उणे नव्हते, त्यांची राष्ट्रनिष्ठा परक्या सत्तेच्या डोळ्यांत सलत होती. त्याच ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी १९२३ साली मुंबईत सनद काढण्यापुरते पैसे नव्हते. नवल भथेना या मित्राने ती अडचण निवारली, तेव्हा कुठे बाबासाहेब न्यायालयात उभे राहू शकले. पैशाची ही अडचण पुढेही अनेकांच्या वाटेत आली. निरनिराळ्या राज्यांतील परिषदा नोंदणीसाठी हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या ७५० रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही.

म्हणजे आज वाटेत परकी सत्ता नाही, शुल्काचा डोंगरही बराच उतरला आहे. अशा वेळी एखादा होतकरू तरुण परीक्षा केंद्राच्या फाटकावरून केवळ ओळखपत्र विसरले म्हणून परत फिरावा, ही गोष्ट मनाला फार लागते. ज्याच्या घरात पूर्वी कोणी वकील झालेला नाही, त्याला असल्या बारीकसारीक गोष्टी सांगणारे कोणी नसते. वकिलाच्या मुलाला त्या जेवता जेवता कळतात. म्हणून परीक्षेच्या दिवशी पिशवीत काय असावे, हा विषय वरवर किरकोळ वाटला तरी तो तसा नाही.

प्रवेशपत्र छापील हवे आणि त्याच्या दोन प्रती हव्यात. एक पिशवीत, एक अंगावरच्या खिशात. भ्रमणध्वनीवरचे चित्र दाखवून आत जाता येईल, या भरवशावर कोणी राहू नये. छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ हवे, झेरॉक्स नव्हे. येथे एक अडचण विवाहित भगिनींच्या वाट्याला हटकून येते. पदवीवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि प्रवेशपत्रावर तिसराच मेळ. ज्या नावाने अर्ज भरला त्याच नावाचे ओळखपत्र न्यावे; ते नसेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाच्या राजपत्राची प्रत सोबत असावी. हा घोळ परीक्षेच्या आदल्या रात्री निस्तरता येत नाही, महिनाभर आधी निस्तरावा लागतो. नोंदणीच्या प्रमाणपत्राची एक छायाप्रत ठेवावी. लागेलच असे नाही, पण तिचे ओझेही होत नाही.

बॉलपेन काळे की निळे, हे प्रवेशपत्रावरील सूचनांत वाचावे आणि घरी वापरून सुरळीत चालणारे तीन ठेवावेत. उत्तरपत्रिकेवर गोल भरावयाचे असतात. एकदा भरलेला गोल पुसता येत नाही, आणि नवे कोरे पेन नेमके पहिल्याच गोलावर रुसते.

आता पुस्तकांविषयी, कारण सर्वाधिक घोटाळा तेथेच होतो. आरंभीच्या काळात ही परीक्षा पुस्तके उघडून देण्याची होती. परीक्षार्थी मार्गदर्शिका, टिपणे, जुन्या प्रश्नपत्रिका असा सारा संसार ट्रंकेत घालून येत. ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेल्या सोळाव्या परीक्षेपासून ती सवलत गेली. अलीकडच्या परीक्षांत केवळ मूळ अधिनियमांच्या कोऱ्या प्रती, म्हणजे ज्यांना सर्व जण ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणतात त्या, आत नेता येतात. त्यांत टीका नको, निवाड्यांचे सार नको, समासात हाताने लिहिलेले काही नको. दुकानात ‘बेअर अ‍ॅक्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही आवृत्त्यांत कलमाखाली बारीक टाइपात भाष्य छापलेले असते. विकत घेतानाच पाने चाळून पाहावीत. वर्षभर ज्या प्रतीवर रेघा ओढून अभ्यास केला, ती घरीच ठेवावी. परीक्षेसाठी दुसरी कोरी प्रत घ्यावी, किंवा एखाद्या सहाध्यायाकडून मागून आणावी.

कोणते अधिनियम न्यावेत, हे गुणांच्या वाटणीवरून ठरवावे. प्रश्न एकंदर १००. त्यांत संविधान, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १०. दंडविधान, पुरावा, कौटुंबिक कायदे आणि करार व मालमत्तेच्या कायद्यांचा गट यांना प्रत्येकी ८. एवढ्यातच ६२ प्रश्न झाले. कंपनी, पर्यावरण, सायबर यांचे दोन-दोन प्रश्न असतात. त्यांच्यासाठी जाडजूड ग्रंथ वाहून नेण्यात शहाणपणा नाही. वेळ मोजका असतो, दर प्रश्नास दोन मिनिटांच्या आसपास. पुस्तकात एक कलम शोधावयास सवय असलेल्यालाही मिनिट-दीड मिनिट लागते. पंधरा-वीस शंका निवारण्यापुरताच पुस्तकाचा आधार असतो, बाकीचे डोक्यातच न्यावे लागते. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा सोडू नये.

या पुस्तकांतच एक मोठे स्थित्यंतर झाले आहे, आणि ते अभिमानाचे आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. मेकॉलेच्या मसुद्यावर उभा असलेला कायदा दीडशेहून अधिक वर्षे या देशाने वाहिला. आजचा परीक्षार्थी पिशवीत जे घालतो, त्याच्या पहिल्या पानावर ‘भारतीय न्याय’ असे शब्द आहेत. पण अभिमानापुढे अभ्यासही हवा. खून म्हटले की ३०२ आणि फसवणूक म्हटले की ४२०, हे आकडे चित्रपटांनी प्रत्येकाच्या तोंडी बसवले आहेत. नव्या संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये, तर फसवणूक ३१८ मध्ये आहे. त्याहून फसवा आकडा ४८२. जुन्या प्रक्रिया संहितेत ते कलम उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे होते. नव्या सुरक्षा संहितेत तेच अटकपूर्व जामिनाचे आहे, आणि अंगभूत अधिकार ५२८ वर गेले आहेत. घाईत असलेला हुशार विद्यार्थी येथेच घसरतो. जुन्या-नव्या कलमांचा तुलनात्मक तक्ता घरी भिंतीवर लावावा. पिशवीत घालू नये, तो टिपणांत मोडेल.

परीक्षा मराठीतूनही देता येते, हे अनेक मराठी विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. ज्याने मराठीतून दिली त्याने अधिनियमांच्या मराठी प्रतीही पाहून ठेवाव्यात. ‘दखलपात्र’, ‘जामीनपात्र’, ‘अभिसाक्ष’ हे शब्द ऐन वेळी परके वाटू नयेत.

काय नेऊ नये, याची यादी सर्वत्र सारखीच असते: भ्रमणध्वनी, स्मार्ट घड्याळ, कानात घालावयाची यंत्रे, गणकयंत्र. मुक्कामाच्या ठिकाणीच ती ठेवावीत. केंद्राबाहेरच्या टपरीवर विश्वासाने ठेवलेली वस्तू परत मिळेलच असे नाही. भ्रमणध्वनी जवळ नसला की घरचा क्रमांकही आठवत नाही, म्हणून दोन क्रमांक कागदावर लिहून बाहेरच्या पिशवीत ठेवावेत. सोन्याचे दागिनेही घरीच बरे. पण मंगळसूत्र आणि जानवे यांचा प्रश्न वेगळा आहे. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकात सामाईक प्रवेश परीक्षेच्या वेळी काही विद्यार्थ्यांना जानवे काढावयास सांगण्यात आल्याच्या तक्रारी झाल्या आणि समाजात तीव्र प्रतिक्रिया उमटली. धातूचे यंत्र आणि श्रद्धेचे सूत्र यांतील भेद तपासनिसाला कळावयास हवा, आणि तो न कळणे हे कार्यक्षमतेचे लक्षण नव्हे. परीक्षार्थीने मात्र फाटकावर वाद घालत बसू नये. तासभर आधी पोहोचावे, छापील सूचना जवळ ठेवावी, शांतपणे केंद्रप्रमुखांना भेटण्याची विनंती करावी. तक्रार लेखी करावयाची असेल तर ती पेपर झाल्यावर.

चष्मा असेल तर जुन्या क्रमांकाचा का होईना दुसरा चष्मा, पारदर्शक बाटलीत पाणी, मधुमेह असणाऱ्याने आपले औषध आणि त्याची चिठ्ठी, एवढे पुरे. दूर गावांहून येणारे रात्रीच्या एस.टी.ने पहाटे शहरात उतरतात आणि स्थानकावर तोंड धुऊन थेट केंद्र गाठतात. न झोपलेल्या डोळ्यांना आठ आणि नऊ यांतला फरक दिसत नाही. शक्य तर आदल्या दिवशी यावे. शहरातील कार्यकर्त्यांनी अशा परीक्षार्थींसाठी एका रात्रीचे अंथरूण आणि सकाळची भाजी-पोळी एवढी सोय आपल्या घरी केली, तर तिचे मोल कोणत्याही सत्कार समारंभाहून अधिक ठरेल. परिसरात कोणाचे केंद्र कोठे आले आहे याची यादी प्रवेशपत्रे निघाल्याच्या आठवड्यातच करता येते. ज्यांच्याकडे मोकळी खोली नाही, त्यांनी आदल्या संध्याकाळी परीक्षार्थीस केंद्राचे फाटक दाखवून आणावे. एकाच नावाच्या दोन शाळा शहराच्या दोन टोकांना असतात, हे बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते.