हँडल एकाकडे, पेडल दोघांना



दूध आणायला म्हणून सायकलवर टांग मारून गेलेले आजोबा तासाभरानं भलत्याच पेठेत सापडतात. मग मुलगा सायकलला कुलूप घालतो आणि किल्ली कपाटात ठेवून देतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेल्या घरात हे व्हायचंच. मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कुलूप घालताना आपण सायकल चालवणं हे एकच काम धरतो. खरं तर वाट लक्षात ठेवणं, रहदारीचा अंदाज घेणं, तोल सांभाळणं आणि पेडल मारणं, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत.

अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजारात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला लवकर इजा होते. नव्या आठवणी आणि रस्त्यांची ओळख यांचा कारभार मुख्यतः तिथला. सरावानं अंगात मुरलेल्या हालचाली मात्र मेंदूचे दुसरे भाग सांभाळतात, आणि त्या पुष्कळदा बरीच वर्षं टिकतात. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण पेडलवर पाय ठेवला की तो आपोआप फिरू लागतो.

नेदरलँड्समध्ये दोघांनी शेजारी शेजारी बसायच्या तीनचाकी सायकली बनतात. त्यात या कामांची वाटणीच करून टाकली आहे. तोल तिसऱ्या चाकाकडे. धरायला दांडा दोघांपुढे, पण वळतो तो सोबत्याचा, ब्रेकही त्याच्याच हाती. पेडल दोघांना. एकानं पाय थांबवले तरी गाडी चालत राहते, चढावर बॅटरीची मोटर मदतीला येते. पुढे-मागे बसायच्या जोडसायकलवर मागच्याला नुसती पाठ दिसते. इथं तोंड दिसतं. माणूस बावरला, मध्येच उतरायला निघाला, तर लगेच लक्षात येतं.

कोपनहेगनमध्ये ओले कासो या गृहस्थांनी २०१२ साली वृद्धाश्रमातल्या लोकांना सायकलरिक्षातून फिरवायला सुरुवात केली. ‘सायकलिंग विदाउट एज’ ही त्यांची चळवळ आता बऱ्याच देशांत आहे. म्हातारी माणसं पुढे बसतात, स्वयंसेवक मागून पेडल मारतो. उपक्रम फार चांगला, पण त्यात आजोबा पाहुणे. मला डच सायकल अधिक पटते, कारण तिथं आजोबांनाही काम आहे.

आपल्याकडे साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांत कैची मारत सायकल शिकलेली, पुण्यात खडकीच्या कारखान्यात रोज सायकलनं गेलेली पिढी आहे. त्यांच्या पायांना शिकवायला नको. मात्र आपल्या रस्त्यांवर आज असली रुंद तीनचाकी काढा, असा सल्ला मी देणार नाही. मोठी बाग किंवा सोसायटीचं आवार असेल तर गोष्ट वेगळी. तेही सकाळी, कारण दिवेलागणीला अनेकांचा गोंधळ वाढतो.

नॉर्वेतल्या बर्गन शहरात एक युक्ती निघाली. जागच्या जागी पेडल मारायचं आणि समोरच्या पडद्यावर ओळखीच्या गल्ल्यांचं चित्रीकरण बघायचं. हे घरीही जमेल. खुर्चीपुढे ठेवायचं पेडलचं यंत्र दुकानात मिळतं, आणि लक्ष्मी रोडचं चित्रीकरण नातवाच्या मोबाईलवर होतं. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खुर्ची मात्र भिंतीला टेकवून ठेवा, आजोबांनी जोर लावला की ती मागं सरकते.